हिऱ्यांच्या चिमटीत

शिवताना सुईचे टोक कापडातून सहज पार होते. त्याच जोराने बोट दाबले, तर कापडास छिद्रही पडत नाही. जोर तोच, परंतु तो जितक्या लहान जागेवर पडतो, तितका दाब अधिक.

मुंबईच्या पूर्व उपनगरात, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात याच तत्त्वावर चालणारे एक उपकरण संशोधक वापरतात. ते मुठीत मावते! त्यात दोन हिरे टोकास टोक भिडवून बसविलेले असतात. मधल्या धातूच्या पत्र्याला बारीक छिद्र पाडून त्यात पदार्थाचा कण ठेवतात आणि मळसूत्रे आवळतात. तेवढ्याने वातावरणाच्या लक्षावधी पट दाब निर्माण होतो. पृथ्वीच्या केंद्राशी हा दाब सुमारे ३६ लाख पट आहे. तेथवर कोण खणत जाणार?

हिरा कठीण आहे, तसाच पारदर्शकही आहे. पूर्वी दाबलेला पदार्थ बहुधा जाड पोलादाआड दडलेला असे. १९५९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हे उपकरण जाहीर केले आणि पदार्थ डोळ्यांदेखत पालटताना दिसू लागला. सुमारे १० हजार पट दाबाखाली पाणी उन्हाळ्याच्या दिवसांतही गोठते, आणि ते बर्फ पाण्यात चक्क बुडते!

मात्र हिरा कठीण असला तरी ठिसूळ आहे. एक मळसूत्र अधिक आवळले गेले, की टोके तिरपी होतात आणि हिरा तडकतो. म्हणून संशोधक ती आळीपाळीने, अगदी थोडीथोडी फिरवितात.