हिरवं बूच, जांभळं बूच

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गुणसूत्रं मोजण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. स्वारगेटला उतरून, फाइल छातीशी धरून आलेली जोडपी आमच्या बाकावर बसायची. बायको, नवरा आणि पुष्कळदा नवऱ्याची आई. डॉक्टर दुसऱ्या पेठेत, आमच्याकडे फक्त रक्त द्यायचं. पण माणसं प्रश्न विचारतात ते समोर असेल त्याला. ती प्रश्नोत्तरं आणि सूक्ष्मदर्शक, या दोहोंनी जे शिकवलं ते सांगते.

१. आधी नवऱ्याची तपासणी करा.
बायकोची फाइल जाडजूड असायची. सोनोग्राफ्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीतून केलेली तपासणी. नवऱ्याच्या नावाचा कागद शोधावा लागे. खरं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला. वीर्यतपासणीला ना भूल लागते ना टाका. आधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा, एवढंच पथ्य. मात्र एका अहवालावर निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि मधल्या काळातला जोराचा ताप आकडा खाली आणू शकतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं.

२. पुरुषार्थ आणि शुक्राणू यांचा संबंध नाही.
“मला काही प्रॉब्लेम नाही हो मॅडम,” असं सांगणारा बहुधा खरंच बोलत असतो. संबंध व्यवस्थित, दाढी-मिशा व्यवस्थित, वीर्यही दिसतं. पण त्यात शुक्राणू आहेत की नाहीत, हे डोळ्यांना कळत नाही. शंभरातल्या साधारण एका पुरुषाच्या वीर्यात ते नसतात आणि हे त्याला लग्नानंतरच कळतं.
हे मोठ्याने विचारायची सोय मराठीत नव्हती असं नाही. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. इतक्या वर्षांनीही आमच्या खिडकीशी नवरे कुजबुजतच बोलायचे.

३. रक्ताच्या दोन नळ्या, दोन वेगळ्या तपासण्या.
शुक्राणू शून्य असतील किंवा एका मिलिलिटरमध्ये ५० लाखांहून कमी असतील, तर जनुकीय तपासणीचा विषय निघतो. (जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे.) हिरव्या बुचाची नळी कॅरिओटाइपसाठी. त्यातल्या पांढऱ्या पेशी जिवंत ठेवून ३७ अंशांवर तीन दिवस वाढवायच्या, ऐन विभाजनात औषधाने थोपवायच्या, काचपट्टीवर पसरून रंगवायच्या. मग ४६ गुणसूत्रांच्या जोड्या लावायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा फोटो काढून एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचो आणि डिंकाने चिकटवायचो. आता ते काम संगणकावर होतं, पण जोड्यांवर शेवटची नजर अजून माणसाचीच.
जांभळ्या बुचाच्या नळीतून डीएनए काढतात आणि वाय गुणसूत्राचे बारीक तुकडे जागेवर आहेत का ते पीसीआरने पाहतात. हे तुकडे सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. पर्वतीवरून पुणं सगळं दिसतं, पण कुठल्या गल्लीतलं घर पडलंय ते नाही दिसत. त्यामुळे “कॅरिओटाइप नॉर्मल आला, म्हणजे जनुकीय काही नाही” हे वाक्य ऐकलं की मी विचारायची, जांभळी नळी दिली होती का?

४. सुई टोचण्याआधी अहवालातलं अक्षर बघा.
वायच्या लांब भुजेवर एझेडएफ नावाचा भाग आहे, त्याचे ए, बी आणि सी असे तीन तुकडे. १९७६ मध्ये टिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन शास्त्रज्ञांनी या भागाचा शुक्राणूंशी संबंध प्रथम दाखवला. सीसीएमबी या हैदराबादच्या संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीर्यात शुक्राणू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांपैकी २९ जणांच्या वायमधला तुकडा गळालेला आढळला, म्हणजे साडेआठ टक्के.
आता व्यवहाराचं. पूर्ण ए किंवा पूर्ण बी गेलेला असेल, तर वृषणात सुई घालून शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते. फक्त सी गेला असेल, तर निम्म्याच्या आसपास पुरुषांत मिळतात आणि त्यांतून इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. पुष्कळ ठिकाणी आधी शस्त्रक्रिया होते, काही हाती लागत नाही आणि मग जांभळी नळी आमच्याकडे येते. हा उलटा क्रम मला कधी पटला नाही. त्यात माणसाचे पैसे जातात, रजा जाते आणि मनही मोडतं.
सी गेलेल्याला इक्सीने मुलगा झाला, तर तोच तुटका वाय मुलाकडे जाणार, कारण वाय बापाकडूनच येतो. मुलगी झाली तर प्रश्नच नाही. “वंशाला दिवा” मागणाऱ्या आजीला हे समजावणं, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यांत अवघड काम होतं!

५. डॉक्टरांनी हाताने तपासलं का, ते विचारा.
काही पुरुषांत शुक्राणू उत्तम तयार होतात, पण ते बाहेर आणणारी वीर्यवाहिनी जन्मतःच नसते, दोन्ही बाजूंची. वीर्य अगदी थोडं येतं. अनुभवी डॉक्टरला हे नुसत्या बोटांना कळतं. यातल्या पुष्कळांत सीएफटीआर या जनुकात दोष असतो, आणि त्याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. म्हणून इथे बायकोचंही रक्त तपासायचं, इक्सीच्या आधी. युरोपात सर्रास सापडणारे बदल आपल्याकडे कमी, त्यामुळे मोजकेच बदल पाहणारी तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण आजी-आजोबांकडून आलेला एकच बदल दोघांत असण्याची शक्यता वाढते.

६. “वास येतो का?” या प्रश्नाला हसू नका.
लसणाच्या फोडणीचा वास न येणं आणि वयात न येणं, हे एकत्र असलं तर कालमन सिंड्रोमची शंका घेतात. मेंदूकडून वृषणांना निघणारा हुकूमच निघत नाही. इंजेक्शनांनी तो बाहेरून देता येतो आणि धीर धरला तर बऱ्याच जणांचे शुक्राणू तयार होऊ लागतात. आमच्या यादीतला हा सर्वांत आशेचा आजार.

७. पावडरींनी वाय जोडला जात नाही.
टॉनिक, चूर्ण, शिलाजीत, यांतल्या कशानेही गळालेला तुकडा परत येत नाही. व्यायामशाळेत मिळणारं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर उलटंच करतं. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात.

८. घराण्याचा हिशेब मांडू नका.
“याच्या बापाला चार, मग यालाच का नाही?” वायमधले बहुतेक तुकडे त्या माणसाच्याच वेळी, बापाचे शुक्राणू बनताना गळतात. बापाचा स्वतःचा वाय शाबूत असतो. यात कुणाचं पाप नाही. गर्भपात वारंवार होत असतील तेव्हाही एकट्या सुनेकडे बघू नका. नवऱ्याच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून हिरवी नळी दोघांचीही.

९. “धाकट्याचे वापरा” हे चालत नाही.
सासूबाई हे फार सहज सुचवतात. महाभारतात नियोग होता, पण २०२१ च्या कायद्याप्रमाणे दाता नोंदणीकृत बँकेतूनच येतो. त्याचं वय २१ ते ५५ असावं लागतं आणि त्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. दात्याचा की दत्तकाचा, हा निर्णय बाकावर आईच्या देखत होत नसतो. दोघांनीच घरी बसून बोलावं.

१०. मुलाचा प्रश्न संपला तरी माणूस उरतो.
क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, एक एक्स जास्त. १९४२ मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी लक्षणं मांडली, १९५९ मध्ये जादा एक्स सापडला. हजारात एक-दोन पुरुषांत तो असतो आणि पुष्कळांना आयुष्यभर कळत नाही. उंच, शिकलेले, नोकरी करणारे असे किती तरी मी पाहिले. सूक्ष्म शस्त्रक्रियेने त्यांच्यातल्या ४० ते ५० टक्के जणांत शुक्राणू मिळतात. टेस्टोस्टेरॉनची गरज पडते, पण मूल हवं असेल तर शुक्राणू आधी काढावेत आणि हार्मोन नंतर सुरू करावं.
मूल झालं किंवा आशा सुटली की हा माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही. पण त्याची हाडं ठिसूळ होऊ शकतात आणि मधुमेहाचा धोकाही जास्त असतो. तुमच्या घरी असा अहवाल आला असेल, तर त्याला हार्मोनतज्ज्ञाकडे पाठवा, आणि नंतरही दरवर्षी पाठवत राहा.