एका उपनगरांतील फुटबॉल क्लबची हकीकत

विंबल्डन हें नांव घेतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें हिरवळ, पांढरे पोशाख आणि टेनिसची जाळी उभी राहते, व तें साहजिकच आहे. १८७७ पासून तेथें भरणाऱ्या टेनिसच्या सामन्यांनीं त्या गांवाची कीर्ति साऱ्या जगांत नेली आहे. परंतु त्याच गांवांत फुटबॉलचाहि एक जुना क्लब आहे, आणि शाळेच्या वार्षिकांत सांगण्याजोगी हकीकत आम्हांस त्याचीच वाटते. कारण तो क्लब एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनींच स्थापिलेला आहे. शिवाय क्लब म्हणजे नेमकें काय, त्याचें मैदान, त्याचे दस्तऐवज, त्याचे भाग विकत घेणारे धनिक, कीं दर शनिवारीं पावसांत त्याच्यासाठीं उभे राहणारे लोक, हा प्रश्न त्याच्या बाबतींत २००२ सालीं प्रत्यक्ष निवाड्यास आला. म्हणून तो वृत्तांत आम्ही येथें कांहीं विस्तारानें देत आहों.

विंबल्डन हें लंडनच्या नैर्ऋत्येस असलेलें उपनगर. १८३८ सालीं तेथें आगगाडी आली व मूळच्या खेड्याभोंवतीं हळूहळू वस्ती वाढत गेली. गांवालगत एक विस्तीर्ण गायरान आहे. १८६४ सालीं तेथील जमीनदार अर्ल स्पेन्सर यांनीं त्यास कुंपण घालण्याचा व त्याचा कांहीं भाग घरबांधणीसाठीं विकण्याचा बेत केला, आणि त्याकरितां पार्लमेंटांत बिल आणविलें. रहिवाशांनीं त्यास कसून विरोध केला. अखेर १८७१ च्या कायद्यानें तें गायरान सर्व लोकांसाठीं मोकळें राहिलें, आणि त्याच्या देखभालीचा खर्च आसपासच्या घरांवर पट्टी बसवून भागविण्याचें ठरलें. ती पट्टी आजतागायत चालू आहे. फुटबॉलच्या हकीकतींत हा जमिनीचा तंटा कशाला, असें कोणी विचारील. पण तें गायरान त्या वेळीं विकलें गेलें असतें, तर पुढील गोष्ट घडण्यास जागाच उरली नसती.

१८८९ सालीं गांवांतील सेंट्रल स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनीं ‘विंबल्डन ओल्ड सेंट्रल्स’ या नांवानें संघ उभारला. त्यांजजवळ स्वतःचें मैदान नव्हतें. खेळ गायरानावर चाले, आणि कपडे बदलण्यास जवळच्या ‘फॉक्स अँड ग्रेप्स’ नांवाच्या मद्यगृहाचा आश्रय घ्यावा लागे. (पालकांनीं या तपशिलानें दचकूं नये, तिकडे अशीं स्थळें गांवच्या चावडीचेंहि काम करितात.) १९०५ सालीं नांवांतील शाळेचा भाग गळाला व ‘विंबल्डन’ एवढेंच राहिलें, शाळेचा संघ गांवाचा झाला. १९१२ सालीं प्लाउ लेन नांवाच्या रस्त्यावर, वाँडल नदीच्या बाजूच्या सखल व दलदलीच्या जागेवर, त्यास कायमचें मैदान मिळालें.

पुढील पन्नास वर्षें क्लब हौशी खेळाडूंचाच होता. आठवडाभर आपला कामधंदा करावा व शनिवारीं खेळावें, असा त्यांचा क्रम असे. १९२१ सालीं क्लब इस्थमियन लीग या हौशी संघांच्या मंडळांत दाखल झाला, व तेथील विजेतेपद त्यानें एकंदर आठ वेळां मिळविलें. लोकांचें प्रेम किती होतें याची साक्ष एका आंकड्यानें पटते. १९३५ च्या मार्च महिन्यांत हौशी करंडकाच्या स्पर्धेंत ‘एच. एम. एस. व्हिक्टरी’ या आरमारी संघाशीं सामना झाला, त्यास १८,०८० प्रेक्षक लोटले. क्लब पुढें देशांतील अव्वल वर्गांत गेला, तरी त्या मैदानावर इतकी गर्दी पुन्हां कधीं झाली नाहीं. १९६३ सालीं हौशी करंडक अखेर हातीं आला. वेंब्ली येथील अंतिम सामन्यांत सटन युनायटेड या शेजारच्याच संघाचा ४-२ असा पराभव झाला, आणि ते चारहि गोल एडी रेनल्ड्स यानें केवळ डोक्यानें चेंडू मारून केले. सटनचें नांव विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

१९६४ सालीं क्लबनें धंदेवाईक स्वरूप पत्करलें. १९७५ च्या आरंभीं, राष्ट्रीय लीगबाहेरचा असूनहि, त्यानें एफ. ए. करंडकाच्या स्पर्धेंत अव्वल वर्गांतील बर्न्ली संघास त्याच्याच मैदानावर हरविलें. पुढच्याच फेरींत त्या वेळचे लीग-विजेते लीड्स युनायटेड यांस बरोबरींत रोखलें, व गोलरक्षक डिकी गाय यानें पीटर लॉरिमरसारख्या तोफखान्याची पेनल्टी अडविली. १९७७ सालीं लीगमध्यें प्रवेश मिळाला आणि १९८६ सालीं क्लब सर्वोच्च वर्गांत जाऊन बसला. १४ मे १९८८ रोजीं त्यानें लिव्हरपूलला १-० असें हरवून एफ. ए. करंडक जिंकला. तो एकमेव गोल लॉरी सँचेझचा. आणि गोलरक्षक डेव्ह बीझंट यानें जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवून तो राखला. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत पेनल्टी अडविली जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

येथें वैभवाचा भाग संपतो. १९८९ सालीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन त्या दुर्घटनेनें अखेर ९७ जीव घेतले. त्यानंतर न्यायमूर्ति टेलर यांच्या चौकशीवरून वरच्या वर्गांतील मैदानांवर सर्व प्रेक्षकांस बसण्याची सोय असलीच पाहिजे, असा नियम झाला. नियम योग्यच होता. परंतु प्लाउ लेनचें जुनें मैदान त्यास पुरें पडत नव्हतें. म्हणून १९९१ सालीं क्लबनें क्रिस्टल पॅलेस संघाच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाड्यानें बिऱ्हाड थाटलें. तात्पुरतें म्हणून गेलेलें हें बिऱ्हाड बारा वर्षें हाललें नाहीं. मधल्या काळांत प्लाउ लेनची जागा विकली गेली, आणि १४ मे २००० रोजीं, म्हणजे करंडक जिंकल्याच्या बरोबर बाराव्या वाढदिवशीं, संघ अव्वल वर्गांतून खालीं घसरला.

ज्याचें घर गेलें त्यास कोठेंहि नेतां येतें, असा हिशेब मालकांनीं केला असावा. ऑगस्ट २००१ मध्यें त्यांनीं क्लब मिल्टन कीन्स येथें हलविण्याचा बेत जाहीर केला. हें १९६७ सालीं आंखलेलें नवें शहर विंबल्डनपासून पन्नासांहून अधिक मैलांवर. प्रेक्षकांनीं मोर्चे काढले, सामन्यांवर बहिष्कार घातला. पण प्रकरण तीन सभासदांच्या आयोगाकडे गेलें, आणि २८ मे २००२ रोजीं आयोगानें दोन विरुद्ध एक मतानें स्थलांतरास मुभा दिली. विंबल्डनला नवा क्लब काढून तळापासून आरंभ करणें फुटबॉलच्या व्यापक हिताचें नाहीं, असाहि अभिप्राय आयोगानें नोंदला. आम्हांस हा अभिप्राय अनाकलनीय वाटतो. खेळाचें हित खेळ पाहणाऱ्यांस वगळून कसें मोजतात, हें त्यांत कोठें उमगत नाहीं.

त्याच आठवड्यांत गांवच्या सभागृहांत लोक जमले व नव्या क्लबचा निश्चय झाला. नांव ठरलें ‘ए. एफ. सी. विंबल्डन’. संघ नाहीं, मैदान नाहीं, पैसा नाहीं. २९ जून रोजीं खेळाडूंची निवड करण्यासाठीं जाहीर बोलावणें केलें, तेव्हां सुमारे २३० तरुण आले. निवड कोठें झाली? त्याच गायरानावर, जेथें ११३ वर्षांपूर्वीं शाळेचीं मुलें खेळलीं होतीं. १० जुलैला पहिला मैत्रीचा सामना झाला, तोहि सटन युनायटेडशीं. नवा संघ ४-० असा हरला. पण पाहण्यास साडेचार हजारांवर माणसें आलीं होतीं. त्या हंगामांत कौंटी दर्जाच्या लीगमध्यें खेळणाऱ्या या नव्या संघास सरासरीनें जितके प्रेक्षक लाभले, तितके सेलहर्स्ट पार्कवर उरलेल्या मूळ संघासहि लाभले नाहींत.

पुढील चढण लांब होती. २००३ सालीं शेजारच्या किंग्स्टन येथील किंग्जमेडो मैदान क्लबनें घेतलें. फेब्रुवारी २००३ पासून डिसेंबर २००४ पर्यंत लीगचे ७८ सामने संघ अपराजित राहिला. इंग्लंडच्या वरिष्ठ फुटबॉलमध्यें हा विक्रम आहे. नऊ हंगामांत पांच वेळां वरचा वर्ग मिळाला, आणि २१ मे २०११ रोजीं ल्यूटन संघास पेनल्टींवर हरवून तो राष्ट्रीय लीगमध्यें पोंचला. इकडे मूळ संघ २००३ सालीं मिल्टन कीन्सला गेला व २००४ सालीं त्यानें नांवहि बदललें. त्या शहरांतील मुलांनीं आपल्या गांवच्या संघावर प्रेम करावें यांत त्यांचा काय दोष? रागाचा धनी कोण, हें विंबल्डनच्या सर्वच प्रेक्षकांस नेहमीं उमगलें असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि २००७ सालीं १९८८ च्या करंडकाची प्रतिकृति व जुन्या विजयांचीं चिन्हें मिल्टन कीन्सकडून विंबल्डन ज्यांत मोडतें त्या मर्टनच्या नगरसंस्थेच्या स्वाधीन झालीं, ही गोष्ट दोन्ही पक्षांस शोभणारी झाली.

या क्लबची व्यवस्था कशी आहे, हें पालकांस जाणावेंसें वाटेल. त्याचें नियंत्रण ‘डॉन्स ट्रस्ट’ या प्रेक्षकांच्या सहकारी संस्थेकडे आहे. वार्षिक वर्गणी भरणारा कोणीहि सभासद होतो, आणि श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकास मत एकच. ही रीत सोयीची आहे असें मात्र कोणी समजूं नये. सभा लांबतात, मतभेद होतात, आणि धनिक मालकाच्या एका सहीनें जें काम उरकतें त्यास येथें वर्षें लागतात. प्लाउ लेनवर परतण्याचेंच पाहा. जुन्या मैदानापासून हांकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतींचें एक मैदान होतें; त्या जागीं नवें मैदान बांधतांना पैसा अपुरा पडला. तेव्हां कर्जरोखे काढून पन्नास लक्ष पौंडांवर रक्कम उभी केली, ती बहुतांशीं साध्या माणसांच्या बचतींतून. ३ नोव्हेंबर २०२० रोजीं डॉनकॅस्टर रोव्हर्सशीं तेथें पहिला सामना झाला व २-२ असा बरोबरींत सुटला. दुर्दैव असें कीं, कोरोनाच्या सांथीमुळें एकाहि प्रेक्षकास आंत सोडलें नव्हतें; एकोणतीस वर्षें ज्यांनीं वाट पाहिली ते घरींच बसले. त्याच सांथींत क्लबच्या अनुयायांनीं दुकानांबाहेर उभें राहून शिधा गोळा केला व परिसरांतील गरजू कुटुंबांस पोंचविला होता.

सप्टेंबर २०२४ मध्यें अतिवृष्टीनें वाँडल नदी फुगली, नव्या मैदानावर पाणी चढलें व हिरवळींत मोठा खड्डा पडला. न्यूकॅसल युनायटेडशीं घरच्या मैदानावर व्हावयाचा सामना त्यांच्याच गांवीं जाऊन खेळावा लागला. मैदान पुन्हां नीट केलें, हंगाम पुरा झाला, आणि २६ मे २०२५ रोजीं वेंब्लीवर वॉलसॉल संघास १-० असें हरवून क्लब लीगच्या तिसऱ्या वर्गांत चढला.