लाल व्हायला अंधार लागतो

डिसेंबरात कॅन्टीनच्या मागची पॉइन्सेटियाची झाडं लालभडक झाली. होस्टेलच्या गेटवरचं झाड मात्र हिरवंच! "माळीकाका खतच घालत नाहीत," असं सगळे म्हणाले, मीसुद्धा. मग जरा वाचलं आणि चूक कळली.

हे झाड मूळचं मेक्सिकोचं. आपण ज्याला त्याचं फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात. खरी फुलं म्हणजे मधले बारीक पिवळे ठिपके. पानं लाल व्हायला रोज रात्री 12 तासांहून जास्त सलग अंधार लागतो, तोही दोन-अडीच महिने. मध्येच दिवा लागला की टायमर रीसेट! आणि गेटवरचा दिवा तर रात्रभर चालू असतो.

तुम्हाला लावायचं असेल तर पावसाळ्यात फांदीचा वीतभर तुकडा पाणी न साचणाऱ्या मातीत लावा. पांढरा चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटते. दिवसा भरपूर ऊन द्या आणि ऑक्टोबरपासून रात्री कुंडी दिव्यापासून लांब ठेवा.

काकांना सॉरी म्हणायला गेले, तर ते हसले. "ताई, दिवा बंद करा म्हणून मी दोन वर्षं सांगतोय. ऐकतं कोण?"