आनुवंशिकतेचे मूलभूत नियम

‘खाण तशी माती’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. आईबापांचे गुण अपत्यांत उतरतात, हा अनुभव तीत साठविलेला आहे. परंतु निरोगी आईबापांच्या पोटी कधी कधी आनुवंशिक रोगाचे मूल का जन्मास येते, याचा उलगडा या म्हणीने होत नाही. त्यासाठी आनुवंशिकतेचे नियम समजून घेतले पाहिजेत.

मेंडेलचे प्रयोग

हे नियम प्रथम ग्रेगोर मेंडेल या धर्मोपदेशकाने शोधून काढले. ब्रनो (आजचे चेक प्रजासत्ताक) येथील मठाच्या बागेत त्याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. गोल बियांचे व सुरकुतलेल्या बियांचे असे दोन शुद्ध वाण घेऊन त्याने त्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निघाल्या. या बियांपासून वाढविलेल्या झाडांत स्वपरागण होऊ दिले असता दुसऱ्या पिढीत ५,४७४ बिया गोल व १,८५० सुरकुतलेल्या मिळाल्या; म्हणजे प्रमाण जवळजवळ ३ : १ पडले. नाहीसा झालेला गुण नष्ट झाला नव्हता, तो केवळ झाकला गेला होता.

यावरून असे अनुमान निघते की, प्रत्येक गुणाचे दोन घटक सजीवात असतात. एक मातेकडून येतो व दुसरा पित्याकडून. या घटकांना आज जनुके म्हणतात. जननपेशी तयार होताना ही जोडी फुटते व प्रत्येक पेशीत एकच जनुक जाते. जे जनुक एकटे असूनही आपला गुण प्रकट करते ते प्रभावी, व जे त्याच्यापुढे झाकले जाते ते अप्रभावी होय.

दिसावयास सारख्या असलेल्या गोल बिया आतून सारख्या असतीलच असे नाही. हे ताडून पाहण्यासाठी मेंडेलने दुसऱ्या पिढीतील गोल बियांपासून ५६५ झाडे वाढविली. त्यांपैकी १९३ झाडांना केवळ गोल बिया आल्या. ३७२ झाडांना मात्र दोन्ही प्रकारच्या आल्या. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याचे महत्त्व १९०० मध्येच ओळखले गेले.

मनुष्यातील उदाहरण

हाच नियम सिकलसेल या रक्तरोगास लागू पडतो. या रोगात हिमोग्लोबिन या प्रथिनातील एका ठिकाणी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते. त्यामुळे प्राणवायू कमी पडताच रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व रोग्यास तीव्र वेदना होतात. भारतात हा दोष १९५२ मध्ये प्रथम आढळून आला. मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात, विदर्भ इत्यादी भागांतील अनेक समाजांत तो आहे.

ज्याच्या ठिकाणी असे एकच सदोष जनुक असते तो वाहक होय. तो बहुधा निरोगी असतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव एक-चतुर्थांश, वाहक होण्याचा एक-द्वितीयांश व दोषमुक्त असण्याचा एक-चतुर्थांश असतो. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढील तीन मुले निरोगी होतील, असे नाही. नाणे जसे मागील कौल ध्यानात ठेवीत नाही, तसेच हे आहे; प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी संभव तोच राहतो. तसेच रोगी मुलाबद्दल केवळ मातेस दोष देणे सर्वथा अशास्त्रीय आहे, कारण दोन सदोष जनुकांपैकी एक पित्याचे असते.

ज्ञानाचा उपयोग

गोल बीमध्ये काय दडले आहे हे जाणण्यासाठी मेंडेलला ती पेरावी लागली. मनुष्याच्या बाबतीत मात्र अपत्यजन्माची वाट पाहण्याचे कारण नाही. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते, म्हणून रक्तपरीक्षेने तो ओळखता येतो. जोडीदाराचे हिमोग्लोबिन सर्वस्वी निर्दोष असल्यास वाहकाच्या अपत्यास सहसा हा रोग होत नाही. भारत सरकारने २०२३ मध्ये या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीत रक्तपरीक्षा व विवाहपूर्व सल्ला यांवर भर आहे. वाहक असणे हा रोग नव्हे व कलंकही नव्हे. ती वेळीच जाणून घेण्याजोगी माहिती आहे.