आईचा विसराळूपणा : वय की आजार?

प्रश्न : आई (वय ७१) भाजीत दोनदा मीठ घालते, रोजच्या देवळाची वाट चुकते. वय झालं म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : मुळीच नाही. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, पायाखालची वाट चुकणं वेगळं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडून स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या. बी-१२ आणि थायरॉइडही तपासा; त्यातल्या बिघाडाने आलेला विसर उपचारांनी सुधारू शकतो.

२०२३च्या अंदाजानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा आजार) आहे. म्हणूनच रक्तदाबासारखी स्मृतीही गावच्या आरोग्य केंद्रात तपासली जावी आणि सांभाळणाऱ्या लेकीसुनांना सरकारने प्रशिक्षण द्यावं. ‘आत्ताच तर सांगितलं!’ न म्हणता तेच उत्तर पाचव्यांदा शांतपणे देणं शिकावं लागतं. मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन : १४५६७.