शंका आली तर थांबा
शास्त्रपाठ : उत्पत्ती 27:1-40



इसहाक म्हातारा झाला होता आणि त्याला दिसत नव्हते. रिबकेने याकोबाच्या हातांना व मानेला करडांची कातडी लावली, एसावाची वस्त्रे घातली, आणि थोरल्याच्या नावाने धाकट्याने आशीर्वाद नेला. हा पाठ वाचताना आपण बहुधा याकोबाच्या कपटाकडे पाहतो. आज इसहाकाकडे पाहू. त्याला शंका आली होती. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असे त्याने विचारले. आवाजही त्याला खटकला. तरी हात चाचपून त्याने शंका बाजूला ठेवली. एसाव आला तेव्हा आशीर्वाद देऊन झाला होता.

दुसऱ्याची ओळख चोरणारे आजही असेच करतात. कातडीऐवजी अंगठ्याचा ठसा, आधार क्रमांक आणि मोबाईल नंबर वापरतात.

जव्हारकडच्या एका पाड्यावरील आजी श्रावणबाळ योजनेचे पैसे आणून मला म्हणाली, "ताई, अंगठा दोनदा घेतला नि पैसे एकदाच दिले." मी म्हटले, "आजी, मशीन खराब असेल." दोन महिन्यांनी पासबुक भरून घेतले, तर दोन्ही महिन्यांत एकाच दिवशी दोनदा पैसे काढल्याची नोंद. बँकेत लेखी तक्रार केली. एका महिन्याचे पैसे परत मिळाले, आधीचे नाही. शंका आजीला वेळेवर आली होती. ती ऐकली नाही मी.

म्हणून ही लक्षणे ओळखा :

1. "ठसा उमटला नाही" म्हणून पुन्हा अंगठा घेतात, पण पावती देत नाहीत.
2. पासबुकात आपण न काढलेली रक्कम दिसते.
3. इतरांच्या फोनला रेंज असते, आपले सिम मात्र अचानक बंद पडते.
4. न मागितलेला ओटीपी येतो किंवा न घेतलेल्या कर्जाचा हप्ता मागतात.
5. रेशन दुकानात "तुमचे धान्य उचलले आहे" असे सांगतात.

यांपैकी एक जरी दिसले, तरी त्याच दिवशी हालचाल करा. पैसे गेले असतील तर 1930 वर फोन करा. बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आधारच्या 1947 या क्रमांकावर चौकशी करून बायोमेट्रिक लॉक करता येते. मात्र रेशनसाठी अंगठा लावण्यापूर्वी ते उघडावे लागते. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे संचार साथी संकेतस्थळावर दिसते. वीटभट्टीवर जाताना मुकादमाला आधारची झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहा.

शहरातील मंडळींनो, सुट्टीत पाड्यावर याल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसासोबत बँकेत जा आणि त्याचे पासबुक वाचून दाखवा. तेवढ्यानेही चोरी लवकर उघडी पडते.

चर्चेसाठी प्रश्न :
1. इसहाकाने शंका आल्यावर आणखी कोणाला विचारायला हवे होते?
2. आपल्या मंडळीत कोणाचे पासबुक बऱ्याच दिवसांत भरलेले नाही?

प्रार्थना : हे प्रभू, तू प्रत्येकाला नावाने ओळखतोस. ज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यांचे म्हणणे ऐकून घेणारे कान आम्हांला दे. आमेन.