प्रथम श्रवण व अंतिम निर्णय



एखादें गीत आपण प्रथम ऐकतों आणि लगेच म्हणतों, "हें छान आहे," अथवा "हा नुसता गोंगाट आहे." हा उद्गार कानांचा असतो, परंतु तोच आपण बुद्धीचा निर्णय म्हणून पुढें करतों. घराघरांतील एका जुन्या कलहाचें मूळ येथेंच आहे. मुलगा रॉक संगीत लावतो, वडील तें बंद करावयास सांगतात. वडील जुनें नाट्यपद लावतात, मुलगा उठून बाहेर जातो. दोघांपैकीं कोणींही दुसऱ्याचें संगीत पुरतें ऐकलेलें नसतें. श्रवण व निर्णय यांमध्यें कांहीं अंतर कां असावें, हें आपण खऱ्या उदाहरणांवरून पाहूं.

रॉक संगीताच्या अनेक शाखांपैकीं हेवी मेटल ही एक. विजेच्या गिटारचा हेतुपुरस्सर खरखरीत केलेला नाद, खर्जांतील भारदस्त स्वरावली आणि ढोलांचा जोरदार आघात हीं तिचीं लक्षणें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत ब्लॅक सॅबथ नांवाचा वाद्यवृंद निघाला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणीं पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां यंत्रांत हात सांपडून त्याच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचीं बोटें नेमकीं तींच होतीं. त्यानें प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांवर बसविल्या, बारीक तारा लावल्या, आणि पुढें त्या सैल करून सूर खालीं उतरविला. त्या जड व खोल नादाचें एक कारण हें आहे. १९७० सालीं या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली, तेव्हां कित्येक टीकाकारांनीं तिची हेटाळणी केली. आज तीच तबकडी या शाखेचा आरंभ म्हणून मानली जाते.

याच वाद्यवृंदाचें दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. मूळ गायक ऑझी ऑस्बोर्न निघून गेल्यावर कित्येक वर्षांनीं टोनी मार्टिन हा गाऊं लागला. 'हेडलेस क्रॉस' ही १९८९ ची तबकडी त्याच काळांतील. मूळ गायक नाहीं, एवढ्यावरूनच अनेकांनीं हा काळ उतरतीचा ठरविला. परंतु कांहीं रसिक त्या तबकड्या ऐकत राहिले व त्यांची बाजू मांडत राहिले. अखेर २०२४ सालीं या काळांतील तबकड्यांचा संच पुन्हां प्रसिद्ध झाला. त्यांतील १९९५ ची 'फॉरबिडन' ही तर सर्वांत अधिक निंदिलेली. तिच्या मुद्रणांतील निरनिराळ्या वाद्यांचें प्रमाण आयोमीनें स्वतः नव्यानें जुळवून दिलें. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत घ्या. रचना निराळी आणि तिचें मुद्रण निराळें. खराब छपाईच्या पुस्तकावरून आपण कवीस दोष देत नाहीं. तोच न्याय संगीतासही लागू आहे.

आतां स्वदेशाकडे वळूं. मुंबईंतही रॉक वाद्यवृंद होते. ॲटॉमिक फॉरेस्ट हा त्यांपैकीं एक. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी १९८१ सालीं बाहेर आली, तेव्हां मंडळी पांगलेली होती. तीस वर्षांनीं, २०११ सालीं, ती अमेरिकेंतून पुन्हां निघाली. मुंबईंतीलच दुसरी कथा याहून आश्चर्यकारक आहे; ती रॉकची नसली तरी आपल्या विषयास अगदीं लागू पडते, म्हणून विस्तारानें सांगतों.

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वादक. संगीतदिग्दर्शकाचें नांव पडद्यावर येई, वादकांचीं नांवें सहसा येत नसत. अशांपैकींच ते एक होते. १९८२ सालीं त्यांनीं तीन जपानी विद्युत्‌वाद्यें एकत्र केलीं: एक स्वरांचें, एक तालाचें व एक खर्जाचें. त्यांवर त्यांनीं ललत, भूप, यमन, मालकंस इत्यादि दहा राग त्या वेळच्या डिस्को नृत्याच्या ठेक्यांत वाजविले. ग्रामोफोन कंपनीनें तबकडी काढली, परंतु गिऱ्हाईक मिळालें नाहीं. रागसंगीताच्या रसिकांस ती नृत्यासाठीं केलेली वाटावी आणि नाचणारांस तींत गाणेंच नाहीं असें वाटावें, अशी तिची अवस्था होती.

यांतील खर्जाच्या यंत्राची हकीकतही तशीच आहे. टीबी-३०३ या नांवाचें तें यंत्र एकट्या गिटारवादकास साथीची सोय व्हावी म्हणून १९८१ च्या अखेरीस बाजारांत आलें. त्याचा नाद खऱ्या वाद्यासारखा होईना. म्हणून तें खपलें नाहीं आणि १९८४ पर्यंत त्याचें उत्पादन बंद पडलें. परंतु त्यांत एक गुण होता: एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर तें घसरत जाऊं शके. आपल्याकडे यास मींड म्हणतात, आणि रागाचें बरेचसें सौंदर्य मींडेवर अवलंबून असतें. इतरांस जो केवळ नकलेंतील दोष वाटला, त्यांत चरणजित सिंग यांस रागास उपयोगी असें साधन दिसलें.

पुढें शिकागो शहरांतील तरुणांस हींच टाकाऊ यंत्रें जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळालीं. त्यांच्या गुरगुरत्या नादांतून 'ॲसिड हाउस' नांवाचा नृत्यसंगीताचा एक प्रकार जन्मास आला. त्यांतील प्रसिद्ध मुद्रिका १९८७ ची. २००२ सालीं एडो बाउमन या डच संग्राहकास दिल्लींतील एका दुकानांत चरणजित सिंग यांची तबकडी सांपडली. ती ऐकून तो चकित झाला, कारण पांच वर्षांनंतरचा नाद तींत आधींच ऐकूं येत होता. २०१० सालीं त्यानें ती पुन्हां प्रसिद्ध केली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपांत तरुण श्रोत्यांपुढें तेच राग वाजवूं लागले. २०१५ सालीं ते निवर्तले. परंतु तत्पूर्वीं आपल्या कृतीचा गौरव त्यांस पाहावयास मिळाला. असें भाग्य फार थोड्यांस लाभतें.

मात्र येथें सावध राहिलें पाहिजे. "हा प्रकार हिंदुस्थानांतच शोधला गेला व शिकागोनें तो उचलला," असें कांहीं अभिमानी लोक म्हणतात. तसा पुरावा नाहीं. एकच यंत्र दोन दूरच्या नगरांत दोन निराळ्या हातीं पडलें, आणि दोघांनीं त्यांतून मिळताजुळता नाद काढला, एवढेंच म्हणतां येतें. उपेक्षा हा एक अन्याय. परंतु अवास्तव स्तुति ही त्याची भरपाई नव्हे. तसेंच, एखादी वस्तु दुर्मिळ आहे म्हणून ती श्रेष्ठ ठरत नाहीं. न विकलेल्या तबकड्यांत खरोखरच नीरस अशा पुष्कळ असतात.

तर मग निर्णय करावा कसा? चार गोष्टी सांगतों.

१. कोणतीही रचना निदान तीन वेळां ऐकावी: एकदां चालीसाठीं, एकदां तालासाठीं, एकदां शब्दांसाठीं.

२. कर्त्याचा हेतु काय होता तें पाहावें. नृत्याच्या संगीतांत भजनाची शांति शोधूं नये.

३. त्याचीं साधनें व अडचणी जाणून घ्याव्या.

४. मग आपलें मत कारणांसह सांगावें, आणि नवें कारण पुढें आल्यास तें बदलण्याची तयारी ठेवावी.

पालकहो, या चार गोष्टी मुलांइतक्याच आपल्यासाठींही आहेत. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत तुळजापुरास गोंधळी मंडळींचा संबळ कोणीं ऐकला नाहीं? परप्रांतांतील मनुष्य त्याचा कडकडाट प्रथमच ऐकेल, तर तोही कानांवर हात ठेवील. आपणांस मात्र त्या आघातांतील लय कळते. तुणतुण्याची एकच तार सूर कसा धरून ठेवते हें कळतें. गण झाल्यावर आख्यान येणार हें ठाऊक असतें. हें ज्ञान आपणांस बालपणापासूनच्या सहवासानें मिळालें. मुलाच्या गिटारीसही तेवढा नव्हे, पण एका सायंकाळचा सहवास द्यावा. आणि मुलानेंही एक सायंकाळ आजोबांजवळ बसून त्यांचें आवडतें पद ऐकावें, व त्यांस तें कां आवडतें हें विचारावें. त्यानंतरही दोघांचीं मतें निराळीं राहिलीं तर हरकत नाहीं. तीं मतें मग ऐकून बनलेलीं असतील.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. रचनेचा दोष व मुद्रणाचा दोष यांतील भेद सोदाहरण सांगा.

२. मींड म्हणजे काय? ती कोणकोणत्या वाद्यांवर काढतां येते?

३. घरांतील वडील माणसांस नावडणारें एक गीत व तुम्हांस नावडणारें त्यांचें एक गीत निवडा. दोन्ही तीन-तीन वेळां ऐकून प्रत्येकावर दहा ओळी लिहा.